साडेतीनशे रुपयांचा चाकू : आमची वाटचाल

बाबांच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयती, ही सगळ्या गावाला दिसायची. खिशातला घडीचा चाकू मात्र कलमं बांधतानाच बाहेर यायचा. वेंगुर्ल्याच्या आजूबाजूच्या रोपवाटिकांत त्यांनी तीस पावसाळे आंब्याची आणि काजूची कलमं बांधली, आणि ती सगळी त्या एकाच चाकूने. आमच्या गावच्या लोहारकाकांनी तो ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यातून घडवला होता. मूठ शिसवी, पातं काळं-निळं. आज आम्ही वर्षाकाठी काही हजार चाकू करतो, पण नवीन खेप आली की मी अजून तोच चाकू बाजूला ठेवून पाहतो.

कोय कलमाला चाकू कसा लागतो ते सांगितल्याशिवाय आमची गोष्ट कळायची नाही. कोयीतून उगवलेलं पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस पानांचं आंब्याचं रोप घ्यायचं. शेंडा छाटायचा, उरलेल्या खुंटाला मधोमध तीन-चार सेंटिमीटरची खाच घ्यायची. त्याच जाडीच्या डोळकाडीला, म्हणजे चांगल्या झाडावरून आणलेल्या काडीला, दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती खाचेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. पाचरीची प्रत्येक बाजू एका ओढीत निघाली पाहिजे. दोनदा खरवडलं तर पृष्ठभाग उंचसखल होतो, खुंट आणि काडी नीट चिकटत नाहीत, मधे पाणी शिरतं, कलम मरतं. म्हणून कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते. दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप सपाट. जून ते ऑगस्ट या दिवसांत बाबा दिवसाला शेकड्याने कलमं बांधायचे आणि दर तासा-दीड तासाने पडवीच्या पायरीवर चाकू चार वेळा फिरवायचे. तेवढ्यात धार परत यायची.

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथे, नोकरीला होतो. २०११ साली गावी परत आलो. तोवर रोपवाटिकांत पातं मोडून टाकायचे प्लास्टिकचे कटर आले होते. कटर स्वस्त आहे, नवीन पातं काढलं की धार उत्तम, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याचं पातं लवलवतं, काजूच्या जाड काडीवर वाकतं, आणि मोडलेले तुकडे वाफ्यात पडून राहतात. अनवाणी काम करणाऱ्या बायकांचे पाय त्यावर कापलेले मी पाहिले. बाबांच्या चाकूसारखा चाकू कुठे मिळतो म्हणून शोधायला लागलो तर बाजारात दोनच गोष्टी: परदेशी कलमाचे चाकू, जे मजुरी करणाऱ्याला परवडत नाहीत, आणि चकचकीत स्टेनलेसचे, ज्यांना धारच राहत नाही.

पहिले चाळीस चाकू घराच्या मागच्या पडवीत केले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून स्प्रिंग स्टीलची पट्टी आणली. सुमारे पाऊण टक्का कार्बनचं पोलाद. नोकरीत मी मशीन चालवली होती, भट्टी नाही. पातं लाल झालं की पाण्यात बुडवायचं, एवढंच डोक्यात होतं. चाळीसपैकी सतरा पाती तडकली. काही बुडवताक्षणी ‘टक्’ असा आवाज करून, तर दोन रात्री टेबलावर पडल्यापडल्या. लोहारकाकांना दाखवली. त्यांनी एक पातं कानाशी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, “पाणी खूप दिलंस. ह्या पोलादाक तेल होया.”

पुढचे तीन महिने मी त्यांच्याकडे संध्याकाळी जात होतो. संध्याकाळीच का, तर उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. अंधार पडला की लाल, गर्द लाल आणि नारिंगी यांतला फरक कळतो. ते डोळ्याने बघायचे, मी लोहचुंबक घेऊन बसायचो. साधारण ७७० अंशांवर पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं पुढे नेऊन तेलात. मग पातं घासून पांढरं करायचं आणि दोनशे अंशांच्या आसपास परत तापवायचं, त्यावर गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग चढेपर्यंत. ह्या दुसऱ्या तापवण्याने ठिसूळपणा जातो. आता हे काम कोल्हापूरच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे होतं आणि प्रत्येक खेपेची कठिणता ५७-५८ रॉकवेल (कठिणता मोजायचं माप) असल्याचा कागद येतो. काकांच्या हातची पाती कुतूहलाने तपासली तेव्हा काटा तिथेच थांबला होता.

मुठी सावंतवाडीत होतात. चितारआळीतली लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. तीच लेथची कला आमच्या मुठीत आहे. लाकूड फणसाचं. नवीन असताना पिवळंधमक असतं, हाताच्या घामाने आणि तेलाने वर्षभरात मधासारखं तांबूस होतं.

फणसानेच आम्हाला पहिल्या पावसाळ्यात रडवलं. जुलैमध्ये रोपवाटिकांतून निरोप यायला लागले की चाकू उघडत नाही. लाकूड फुगून पातं खाचेत गच्च आवळलं जात होतं. पक्कड लावून उघडताना एकाचं बोट कापलं. आम्ही विकलेले सगळे चाकू परत मागवले.

त्याच सुमारास जहाजावर नोकरी करणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर आला. त्याने मार्सेच्या बंदरातून माझ्यासाठी एक ओपिनेल आणला होता. फ्रान्सच्या सावोआ या डोंगरी भागात जोसेफ ओपिनेल या अवजारं बनवणाऱ्याच्या मुलाने १८९० साली हा चाकू केला. शेतकऱ्यांसाठी, गुराख्यांसाठी, स्वस्तात. १८९७ पासून १ ते १२ अशा क्रमांकांत मापं ठरली. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, कार्बन स्टीलचं पातं, एक कडं, एक रिवेट. उघडलेलं पातं मिटू नये म्हणून फिरणारं दुसरं कडं १९५५ साली आलं. म्हणजे आजही सगळे मिळून पाच भाग. आणि पावसात भिजला की हा चाकूही अडकतो! तिथले लोक तो सोडवायला मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकतात, पात्याची पाठ थोडी बाहेर येते, मग चिमटीत धरून उघडतात. एवढ्या लांबच्या डोंगरातल्या माणसांना आमचाच त्रास होता हे कळल्यावर मला केवढा धीर आला.

आम्ही खाच अर्ध्या मिलिमीटरने रुंद केली आणि मुठी जोडणीआधी दोन दिवस जवसाच्या तेलात बुडवून पंधरा दिवस सुकवायला सुरुवात केली. अडकणं जवळजवळ थांबलं. तरी आषाढात एखादा अडकतोच, तेव्हा सावोआची युक्ती आम्ही फोनवर सांगतो.

नंतर मी असे चाकू गोळा करायला लागलो. जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी: पत्र्याची दुमडलेली मूठ, लॉक नाही, पात्याच्या मागे निघालेल्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा. एके काळी तिथली शाळकरी मुलं त्याने पेन्सिली तासत. फ्रान्सच्याच तिएर गावचा, १९२९ पासून बनणारा डूक-डूक, तोही पत्र्याच्या मुठीचा. महागड्या चाकूंपेक्षा मला हे जवळचे वाटतात, कारण ते करणाऱ्याने आधी विकत घेणाऱ्याचा खिसा पाहिला आणि मग पट्टी कापली. लाकूड, पत्रा, कडं यांत काटकसर केली, पण पोलादात आणि पाणी देण्यात, म्हणजे पातं तापवून-बुडवून कठीण करण्यात, केली नाही.

आमचा हिशोब उघडा आहे, विचारेल त्याला सांगतो. पोलाद ३५ रुपये, मूठ ६०, भट्टी २५, पितळी कडं आणि रिवेट २०, घासणं-जोडणी-धार यांची मजुरी ९०, डबी आणि चिठ्ठी १०. झाले २४०. वीज, घासायचे पट्टे आणि बिघडलेला माल यांचे ४० धरा. विक्री ३५०. चाकूमागे सत्तर रुपये उरतात आणि त्यात सहा माणसांचं हे दुकान चालतं. दर वाढवायचा सल्ला खूप जण देतात. मुठीला कोरीव काम करा, लाकडी पेटी द्या, दोन हजारांना विका. पण एका दिवसाच्या मजुरीत घेता येतो म्हणूनच रोपवाटिकेतली बाई तो चाकू घेते, आणि हरवला तर दुसरा घेईन या भरवशावर रोज वापरते. दोन हजारांचा चाकू ती कपाटात ठेवील.

खरी परीक्षा पुण्याच्या प्रदर्शनात झाली. तिथे घेतलेले चाकू पंधरा दिवसांत परत यायला लागले. ‘गंजला’, ‘काळा पडला’, ‘फसवणूक आहे’. फोटो पाहिले तर बहुतेकांवर गंज नव्हताच. कैरी, लिंबू, कांदा चिरल्यावर पात्यावर राखाडी-निळा थर आला होता. हा थर बसला की उलट गंज कमी धरतो. तांबूस, बोटाला लागणारा असतो तो गंज. तो राखेने किंवा भांडी घासायच्या काथ्याने जातो.

एका ताईंना मी विचारलं, तुमच्या आजींची विळी कोणत्या रंगाची होती? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, काळी. त्या विळीवर वांगं चिरलं की काळं पडायचं, म्हणून फोडी पाण्यात टाकत. केळफूल ताकाच्या पाण्यात. विळी वापरून झाली की पुसून भिंतीला टेकवायची, ओली ठेवली तर आजी ओरडायची. हे ज्ञान घराघरात होतं. स्टेनलेसची विळी आली आणि एका पिढीत ते गेलं. त्या दिवसापासून प्रत्येक डबीत आम्ही चिठ्ठी घालतो: चिरून झाल्यावर लगेच धुवा आणि पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा, ओला मिटू नका, काळा पडला तर पडू द्या. परत येणारे चाकू त्या चिठ्ठीने अर्ध्याहून कमी झाले.

पण चिठ्ठी सुचायच्या आधी मी डगमगलो होतो. एका व्यापाऱ्याने स्टेनलेसच्या पाचशे चाकूंची मागणी दिली. दोनशे केले. स्टेनलेसला तापमान हजार अंशांच्या वर लागतं आणि नेमकी भट्टी लागते. चांगलं स्टेनलेस उत्तम धार धरतं, पण त्याचा पोलादाचाच खर्च आमच्या किमतीत बसत नव्हता. बसत होतं ते मऊ निघालं. बाबांनी त्यातला एक दोन दिवस वापरला आणि म्हणाले, “दिसाक बरो. पायरीयेर धार लागणा नाय.” उरलेल्या तीनशेची मागणी मी व्यापाऱ्याची माफी मागून रद्द केली. माझ्या दृष्टीने ह्या चाकूची किंमत त्या पायरीवर ठरते. धारेचा दगड नसेल तर पाटा-वरवंट्यातल्या पाट्याची मागची बाजू, लोणच्याच्या बरणीच्या बुडाचा खरखरीत काठ, काहीही चालतं. कुणाकडे पाठवावं लागत नाही, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

चाकू या शब्दाचा आणखी एक त्रास आहे. कोयती कमरेला लावून माणूस एसटीत चढला तर कुणी वळून बघत नाही, खिशातून घडीचा चाकू निघाला की बघतात. सिनेमातल्या रामपुरीने ही छाप पाडली. प्रदर्शनात आया मुलांना हाताला धरून बाजूला नेत. एका कुरिअर कंपनीने ‘चाकू’ वाचून तीन पेट्या आठवडाभर अडवून ठेवल्या. शस्त्र नियमांत चाकू शस्त्र ठरायला पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असण्याची अट आहे, आणि घरगुती व शेतीकामाची हत्यारं त्यातही वेगळी धरली आहेत. आमचं पातं तीन इंचांचं. तरी आता पेटीवर ‘कलमाचा चाकू, शेती अवजार’ असं मोठ्या अक्षरांत छापतो, आणि विमानात हातातल्या सामानात नेऊ नका हे गिऱ्हाइकाला आठवणीने सांगतो.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात शेडचे पत्रे उडाले. सहाशे घासलेली पाती भिजली, नऊ दिवस वीज नव्हती. आमच्याकडे काम करणाऱ्या काकींनी आणि त्यांच्या बचत गटातल्या बायकांनी नारळाच्या सोडणांनी आणि चुलीतल्या राखेने ती एकेक घासली. डाग पूर्ण गेले नाहीत. आम्ही ती तशीच, कारण सांगून, दोनशे रुपयांना विकली. त्या सहाशेतला एकही परत आलेला नाही.

बाबांचं पातं मी कॅलिपरने मोजलं. नवीन असताना एकोणीस मिलिमीटर रुंद होतं असं लोहारकाका सांगत, आता अकरा आहे. आठ मिलिमीटर पायरीवर गेलं, आणि पायरीला मधोमध खोलगट वाट पडली आहे. त्यांचे हात आता थरथरतात, कलमं बांधत नाहीत. पण प्रत्येक खेपेतले दोन चाकू त्यांच्याकडे जातात. जांभळाच्या हिरव्या काडीवर एक ओढ मारतात, काप उजेडात धरतात आणि मान हलवतात, किंवा नाही हलवत.

मागच्या पावसाळ्यात कुडाळजवळच्या रोपवाटिकेतली एक मुलगी आली. डावखुरी. एका बाजूच्या धारेचा आमचा चाकू तिच्या हातात उलटा पडतो, सपाट बाजू काडीकडे येतच नाही, त्यामुळे तिची कलमं कमी जगतात आणि मजुरी कमी पडते. इतकी वर्षं हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. बाबांनी तिला बसवून तिची काडी तासायची पद्धत पाहिली. ह्या जूनसाठी डाव्या हाताचे चाळीस चाकू केले आहेत, दर तोच. पहिले दोन आज संध्याकाळी तिच्याकडे जाताहेत. ह्या खेपेची काडी ती तासणार.