इस्रायलला निघालात? आधी 'एफ्शार' पाठ करा

तेल अवीव, जेरुसलेम आणि मग दक्षिणेला बीरशेबा, दिमोना असा आमचा मार्ग होता. मोठ्या शहरांत इंग्रजीवर निभावतं, पण मंडईत आणि बसमध्ये थोडं हिब्रू आलं तर कामं भराभर होतात.

शकतो म्हणजे 'याखोल', शकते म्हणजे 'येखोला'. पुरुषाला विचारायचं 'आता याखोल लाआझोर ली?' (मला मदत करू शकशील का?), बाईला 'आत येखोला लाआझोर ली?'. 'ख' घशातून, उर्दूतल्या 'खुदा'सारखा. 'आता' आणि 'आत' दोन्ही म्हणजे 'तू'. आदरार्थी 'तुम्ही' नाहीच, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांनाही 'आता'च. आपली जीभ अडखळते, त्यांना काहीच वाटत नाही.

पण माझं ऐकाल तर सुरुवात 'एफ्शार'पासून करा. अर्थ 'जमेल का, चालेल का'. पुरुष की बाई हा प्रश्नच येत नाही, पुढे क्रियापद किंवा हवी ती वस्तू जोडली की झालं. मखाने येहुदाच्या बाजारात हलव्यासमोर 'एफ्शार लितओम?' (चाखू का?), फोटोआधी 'एफ्शार लेत्सालेम?', बसचालकाला 'एफ्शार लारेदेत कान?' (इथे उतरू का?), जेवण झाल्यावर 'एफ्शार खेश्बोन?' (बिल मिळेल का?). जेरुसलेममधल्या ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) मात्र फोटो विचारूही नका, तिथे मनाई असते.

भाषा येते का हे विचारताना 'याखोल' लागत नाही: 'आता मेदाबेर आंगलित?', बाईला 'आत मेदाबेरेत आंगलित?'. पोहता येतं का, असं कौशल्य विचारायचं तर 'योदेआ', म्हणजे 'माहीत आहे'.

प्रश्न पाठ होतात, गोची उत्तरांची. 'बेताख' म्हणजे अर्थातच, 'एन बेआया' म्हणजे हरकत नाही, 'इ एफ्शार' म्हणजे जमणार नाही. पाचही बोटांची टोकं जुळवून हात वर धरला तर तो राग नव्हे, 'रेगा', जरा थांब. पाट्या बहुधा स्वरचिन्हांशिवाय असतात, तेव्हा हे सगळं वाचून नाही, ऐकूनच शिका.

दिमोनात कोकणातून गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, बरेच आहेत. तिथल्या वयस्कर मंडळींशी सरळ मराठीत बोला, पण नातवंडांसाठी 'एफ्शार'च लागेल.

शहरी बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, आधीच रव-काव कार्ड घ्या. शुक्रवारी दुपारनंतर रेल्वे आणि बहुतेक बस बंद होतात. तेल अवीव-जेरुसलेम मार्गावर तेव्हाही 'शेरुत', म्हणजे शेअर टॅक्सी, मिळते.