कोणाला द्यावं?

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास मराठीचा. १९८८ साली आम्ही आठवीत गेलो आणि त्या तासाला बाईंनी पाठ्यपुस्तक मिटूनच ठेवलं. टेबलावर एक लांबट वही आली, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीला असते तसली. पट्टीनं तीन रकाने आखलेले होते : पुस्तकाचं नाव, कोणी वाचलं, कोणाला द्यावं.

पहिले दोन रकाने कुठल्याही ग्रंथालयात सापडतील. तिसरा बाईंचा स्वतःचा. त्यात वर्गातल्या एकाचं नाव घालायचं आणि उभं राहून, त्याच्याकडे बघत सांगायचं, की हे पुस्तक त्यालाच का. कोणी 'सगळ्यांनी वाचावं' असं लिहिलं की बाई ते खोडायच्या. "सगळे म्हणजे कोण? नाव सांग."

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिही असा निरोप आला, तेव्हा मला इमारत, मैदान, घंटा यातलं काहीच आधी आठवलं नाही. ती वही आठवली.

आमचा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागातला. निम्म्याहून जास्त घरांत माग किंवा विड्या, किंवा दोन्ही. माझ्या घरी तेलुगू, शेजारच्या बाकावर कन्नड, मागच्या बाकावर दखनी. मराठी आमची सगळ्यांची शाळेतली भाषा, आणि पुस्तकं मराठीतच मिळायची. शाळेचं एक कपाट होतं. शिवाय दोघातिघांच्या घरी हिराचंद नेमचंद वाचनालयाची वर्गणी भरलेली असायची, त्यांची पुस्तकं अख्ख्या वर्गात फिरून मुदतीच्या दिवशी परत जायची.

माझं नाव तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदा आलं ते वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'समोर. ते लिहिणारा मुलगा माझ्याशी कधी बोललासुद्धा नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हिच्या डब्यात रोज शेंगाची चटणी असते. शेंगदाण्यावर एका माणसानं किती अभ्यास केला ते हिला कळू दे." वर्ग हसला. मी पुस्तक घरी नेलं ते शेंगदाण्यासाठीच. पण माझ्या मनात बसला तो गुलामीत जन्मलेला अशक्त पोरगा, जो शाळेसाठी एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो आणि लोकांचे कपडे धुऊन शिकतो. मी तेव्हा शाळेतून आल्यावर अम्माजवळ बसून विड्यांची तोंडं दुमडून द्यायची आणि हे वर्गात कोणाला सांगायची नाही. कार्व्हर वाचल्यावर सांगायला लागले.

पुस्तक सुचवणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे मात्र मी एका मुलीला दुखवून शिकले. 'श्यामची आई' वाचून मी इतकी भारावले होते, की वर्गात नवीन आलेल्या मुलीचं नाव लिहून मोकळी झाले. वाटलं, हिची ओळख होईल. तिची आई वर्षापूर्वीच गेलेली होती. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तिनं पुस्तक नेलं, दोन महिने ठेवलं आणि एका सकाळी काही न बोलता माझ्या बाकावर ठेवून गेली. मी बाईंकडे जाऊन रडले. बाईंनी मला समजावलं नाही. "तिसरा रकाना आधी भरायचा असतो," एवढंच म्हणाल्या. "माणूस आधी, मग पुस्तक." त्या मुलीची माफी मागायला मला पूर्ण सहामाही लागली. तिनं पुढं मला बरंच काही वाचायला दिलं, हा तिचा मोठेपणा.

आता 'पाडस'बद्दल. हे मला सविस्तर लिहायचं आहे.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी १९३८ची, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या जंगलातली. मराठीत ती राम पटवर्धनांनी आणली. इतक्या सुरेख मराठीत, की मी अर्ध्यावर येईपर्यंत ही माणसं दुसऱ्या देशातली आहेत हेच विसरले होते. ते पुस्तक बाईंनी स्वतः माझ्या नावावर लिहिलं. नववीची दिवाळीची सुट्टी होती. अम्मा रात्री पानं भिजत घालायची, सकाळी मापाला लावून कात्रीनं कापायची आणि दुपारी मांडीवर सूप घेऊन बसायची. हजार विड्या झाल्याशिवाय उठणं नाही. मी जवळ बसून मनातल्या मनात वाचत होते. ती म्हणाली, हातांना काम आहे, कान मोकळे आहेत. मोठ्यानं वाच.

अम्माला मराठी बाजारापुरतं कळायचं. मग मी एक वाक्य मराठीत वाचायची आणि तेलुगूत सांगायची. पाडस म्हणजे जिंकपिल्ल, अस्वल म्हणजे एलुगुबंटि. काही शब्द मला येत नव्हते, तिथं मी हातानं दाखवायची. मी दमून थांबले की ती मान वर न करता म्हणायची, "इंका चदुवु." अजून वाच. शेजारच्या दोघी आपली सुपं घेऊन आमच्या ओट्यावर यायला लागल्या.

ज्योडी नावाचा मुलगा हरणाच्या त्या पाडसाला जिवापाड वाढवतो. मग ते मोठं होतं आणि बापानं लावलेली तंबाखूची रोपं तुडवतं. तंबाखू म्हटल्याबरोबर तिघींचे हात थांबले. पुढं ते मक्याचे कोंब खातं, कुंपण उंच केलं तरी उडी मारून येतं आणि परत खातं. बाप अंथरुणाला खिळलेला. ज्योडीच्या हातून गोळी सुटत नाही, म्हणून आई बंदूक उचलते. तिचा नेम धड लागत नाही, आणि शेवटचं काम ज्योडीलाच करावं लागतं.

वर्गात ज्यांनी ज्यांनी 'पाडस' वाचलं होतं, त्या सगळ्यांचा राग ज्योडीच्या आईवर होता. माझाही. ते पान वाचताना मी हुंदके देत होते. अम्मानंही डोळे पुसले, मग सुपातली विडी उचलून दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "वर्षाचा दाणा गेला. नवरा पडलेला. तिनं काय करायचं होतं? तिला तरी कोणी विचारलं का, तुला किती वाईट वाटलं म्हणून?" शेजारच्या दोघींनी मान हलवली.

शनिवारी मी उभी राहिले आणि हे जसंच्या तसं सांगितलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. 'कोणी वाचलं' या रकान्यात माझ्या नावाखाली त्यांनी मला अम्माचं नाव लिहायला लावलं, पूर्ण, आडनावासकट. शाळेच्या कुठल्याही कागदावर तोवर अम्माचा फक्त अंगठा होता.

दहावीत असताना एक पुस्तक वहीत न येता माझ्याकडे आलं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. "तुला द्यावं की नाही, आठवडाभर विचार केला," म्हणाली. शरणकुमार लिंबाळे यांचं दलित आत्मकथन 'अक्करमाशी', १९८४चं. लेखक आपल्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ज्या ज्वारीचा आपण सोलापूरकर अभिमान सांगतो, मंगळवेढ्याची मालदांडी म्हणून पाहुण्यांना कौतुकानं देतो, तीच ज्वारी शेणातून वेचून, धुऊन, दळून त्या पुस्तकातली आजी भाकरी करते. मी दोन दिवस नीट जेवले नाही. पुस्तक परत देताना मला शब्द सुचेना. ती म्हणाली, "बोलू नको बे. वाचलंस ना, बास." आमची मैत्री होती तशीच राहिली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ती खोल गेली. तोवर मी तिला ओळखतच नव्हते.

पुढं नोकरीसाठी मी पुण्याला गेले आणि सोमवारची सकाळची हुतात्मा एक्सप्रेस कायमची मागं लागली. २००६ साली सोलापुरात ७९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली. जन्मानं सोलापूरचे, आणि सारी नोकरी वनखात्यात. तिथं पुस्तकांच्या गाळ्यांत शेंगाचटणीवाला मुलगा भेटला, डोक्यावर थोडे केस उरलेला. त्यानं चितमपल्लींचं 'चकवाचांदण' विकत घेऊन माझ्या हातात ठेवलं. "तू गाव सोडलंस. गाव सोडून रानात राहिलेल्या माणसाचं आहे हे." ते मी चार सोमवारांत गाडीतच वाचलं. भिगवण आलं की उजनीच्या पाण्याकडे बघायची सवय मला तेव्हापासूनची, हिवाळ्यात रोहित पक्षी असतात तिथं. चितमपल्ली अखेरीस सोलापुरात परतले आणि २०२५च्या जूनमध्ये इथंच गेले. त्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. आम्ही फारसं बोललो नाही.

आमच्या तुकडीतले काहीजण अजून एकमेकांना पुस्तकं देतो, आणि रकाना तिसराच भरतो. माझा भाऊ मागावर आहे. त्याला मी लक्ष्मीनारायण बोल्लींचं 'एका साळियाने' हे विणकर घरातलं आत्मकथन दिलं. आपल्या घरासारखं घर छापलेलं असतं, हे त्याला त्यापूर्वी ठाऊक नव्हतं. एका मैत्रिणीचा मुलगा वर्गात स्थिर बसत नाही म्हणून शाळेतून सारख्या चिठ्ठ्या येतात. तिला तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' पाठवलं, आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेचं. मुलासाठी नव्हे, तिच्यासाठी. आणि कन्नड घरातल्या मित्रानं मला भैरप्पांचं 'पर्व' दिलं, उमा कुलकर्णींच्या अनुवादातलं. त्याची आजी ते मूळ कन्नडमधून घरात वाचून दाखवायची. "महाभारतातल्या बायका काय म्हणाल्या असतील, हे तुझ्या अम्माला ऐकव," म्हणाला.

अम्मानं विड्या सोडून बरीच वर्षं झाली. डोळे अधू झालेत, कान अजून चांगले आहेत. मी शनिवारी रात्री सोलापूरला पोचते आणि रविवारी दुपारी आम्ही बसतो, एक वाक्य मराठीत, एक तेलुगूत. सध्या 'पर्व'च चालू आहे, कुंतीपाशी आलो आहोत. अम्मा तिच्याबद्दल अजून काही बोललेली नाही. बोलली की मी बाईंना फोन करणार आहे.