हायक्रॉसचं व्हेरिएंट अखेर ठरलं

आजचा अख्खा रविवार टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडवर (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीवर) गेला. गाडी नक्की होती, अडलं होतं व्हेरिएंटपाशी. 2 लिटरचं पेट्रोल इंजिन, मोटर, बॅटरी, कंपनीने सांगितलेलं 23.24 चं मायलेज, हे सगळं व्हीएक्स या सगळ्यात खालच्या हायब्रिड व्हेरिएंटपासून वरपर्यंत सारखंच. वर मोजलेले पैसे पेट्रोल वाचवत नाहीत, ते सोयींचे असतात.

आईला वरच्या झेडएक्स व्हेरिएंटच्या मधल्या रांगेत बसवलं. पायाखालचा आधार बटणाने वर आला, तिने गुडघे सरळ केले आणि माझं मन तिथेच कललं. पण त्यात सीटा सातच, आणि गावी जाताना आम्ही असतो आठजण. आठ सीटा व्हीएक्स ऑप्शनलपर्यंतच मिळतात. पॅनोरमिक सनरूफ त्यातही आहे, मुलं तेवढ्यावर खूश.

एडास, म्हणजे धोका ओळखून चालकाला सावध करणारी आणि गरज पडली तर ब्रेक लावणारी यंत्रणा, मात्र फक्त सगळ्यात वरच्या झेडएक्स ऑप्शनलला. सुरक्षेच्या सोयी खालच्या व्हेरिएंटलाही हव्यात, असं मनापासून वाटतं. त्यावर बराच वेळ घुटमळलो.

शेवटी आईच म्हणाली, "मी पुढच्या सीटवर पाय लांब करीन रे, पण सगळे एकाच गाडीतून जाऊ." व्हीएक्स ऑप्शनल, आठ सीटांची, बुक केली.