जमैका प्लांटहॉपर अपडेट: बसतो कुठे, वाढतो कुठे

मंडळी, जमैकातल्या प्लांटहॉपर्सची (झाडांचा रस शोषणारे, उड्या मारणारे छोटे कीटक) यादी फॅमिलीपर्यंत तरी आता नीट लागलीय, प्रजातीचं घोंगडं भिजतच पडलंय. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी अँटेना बघायची: डोळ्याच्या खाली फुगीर गाठ आणि तिच्यातून निघालेला बारीक केस असेल तर प्लांटहॉपर, लीफहॉपर (तुडतुडा) नाही. मग मागचा पाय. नडगीच्या टोकाला मोठा हलणारा काटा दिसला की फॅमिली डेल्फॅसिडी, तिथे वादच नाही.

सध्या सगळा वेळ नारळ खातोय. खालच्या झावळ्या उलटून बघितल्या की हॅप्लॅक्सियस क्रूडस सापडतो, जेमतेम 5 मिमीचा, फिक्कट गवती रंगाचा, पंख पारदर्शक, म्हणजे फोटोत अगदीच सामान्य दिसतो. पण हाच लीथल यलोइंगचा (नारळ पिवळा पडून मरण्याचा रोग) फायटोप्लाझ्मा, म्हणजे तो रोग करणारा जिवाणू, पसरवतो, ज्या रोगाने इथल्या जमैका टॉल जातीचे नारळ लाखोंनी गेले आणि मग मलायन ड्वार्फ आणि मेपॅन लावावे लागले. कीटकतज्ज्ञ व्हॅन ड्यूझीने 1907 साली या प्रजातीचं पहिलं वर्णन केलं तेही इथलंच, फक्त जुन्या पेपरात शोधताना मिंडस या जुन्या जीनसच्या (प्रजातीच्या वरचा गट) नावाने शोधा नाहीतर काही हाती लागत नाही.

आता गंमत अशी की प्रौढ नारळावर, पण पिल्लं गवताच्या मुळांशी. म्हणून नोंदीत नुसतं "होस्ट: नारळ" लिहिणं मला पटत नाही, मी आता दोन रकाने केलेत, एक बसलेला कुठे आणि दुसरा वाढतो कुठे, दुसरा बहुतेक वेळा रिकामाच राहतो पण राहू दे. डर्बिडी या दुसऱ्या फॅमिलीचं तर विचारूच नका, लांब पंख पसरून पानाखाली ऐटीत बसतात आणि पिल्लं कुजक्या लाकडात बुरशीवर जगतात, त्या पानाचा आणि त्यांचा संबंध काय ते देव जाणे.

उसावर मात्र सगळं सरळ. सॅकॅरोसिडनी सॅकॅरिव्होरा, हिरवागार, सडपातळ. पानाची मधली शीर बोटाने चाचपली की पांढऱ्या मेणाचे ठिपके लागतात, आत अंडी असतात. पानावर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी, आपल्याकडे पाकोळी (पायरिला कीड) पडलेला ऊस ज्यांनी बघितलाय त्यांना ओळखायला सेकंद लागणार नाही. मक्याच्या पोंग्यात पेरेग्रिनस मेडिस, तोच आपल्या ज्वारीवरचा! एवढ्या लांब येऊन ओळखीचा चेहरा.

बाकी गाडी अडते ती नरावर. बऱ्याच जीनसमध्ये नराचं शेपटाकडचं टोक बघितल्याशिवाय प्रजाती लागत नाही, म्हणजे पोट काढून कॉस्टिक पोटॅशमध्ये साफ करा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा, मग सुईने फिरवत बघत बसा. मादी असेल तर मी सरळ जीनसवर थांबतो. कोणी कितीही खात्रीने नाव सुचवलं तरी नुसत्या पाठीच्या फोटोवर मी ते लावत नाही, फोटो टाकायचाच तर चेहऱ्याचा समोरून आणि कडेने असे दोन टाका, कपाळावरच्या कडा दिसल्या पाहिजेत.

पुढचं काम कुजके ओंडके. डर्बिडींची पिल्लं डबीत वाढवून प्रौढ काढायचेत, ओल टिकवून बुरशी हाताबाहेर जाऊ न देण्याची युक्ती कोणाकडे असेल तर सांगा.