नीचे चीनी है

लातुरात जानेवारीच्या सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबलं की आपण त्याला थंडी म्हणतो. अशाच एका सकाळी मनालीच्या वरच्या गावातून आमच्या गाईडचा फोन आला. १४ जणांची ट्रेकची बॅच घेऊन मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो. तो एवढंच म्हणाला, "सर, नीचे चीनी है."

चीनी म्हणजे बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे. सुरुवातीचा बर्फ पातळ पडला आणि मग आभाळ बरेच दिवस कोरडं राहिलं की हे होतं. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर उघड्यावर उणे १५. तळाची वाफ वर चढत राहते, कण मोठे होतात आणि एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर आता दोन रात्रींत ६० सेंटिमीटर नवा बर्फ पडला होता, तोही वाऱ्यासकट. वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर दाबून बसवतो. खाली साखर, वर फरशी.

त्याने खड्डा खणून पाहिलं होतं. ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब सुटा करायचा, वर फावडं टेकवायचं आणि थापा मारायच्या: १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. त्याचा खांब मनगटाच्या चौथ्याच थापेला सरकला. चालताना पायाखाली 'हुंफ्' असा दबका आवाजही आला होता, म्हणजे तळाचा थर खचल्याचा. खरं तर त्या आवाजानंतर खड्डा खणायचीही गरज नव्हती.

आमची ट्रेकच्या दुसऱ्या दिवसाची खिंडीकडची वाट एका ३५ अंशांच्या उताराखालून जाते. फरशीसारखे हिमकडे, म्हणजे अख्खा थर एकदम घसरून येणारी हिमस्खलनं, बहुतेक ३० ते ४५ अंशांवरच सुटतात. त्याहून फार खड्या उतारावर बर्फ सहसा साठत नाही, थोडाथोडा ओघळत राहतो. चंदीगडच्या डीजीआरईचं, म्हणजे हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचं, बुलेटिन पाहिलं तर धोका पाचांपैकी तिसऱ्या पातळीचा. शाळेतल्या मार्कांमुळे आपल्याला तीन म्हणजे मधलं वाटतं. युरोपात बरेचसे बळी याच पातळीला जातात, कारण चारला लोक घरीच बसतात.

मी सगळ्यांना मेसेज टाकला: खिंड रद्द. खालच्या गावात राहू, देवदारांत फिरू, नाहीतर पैसे परत घ्या.

अर्ध्या तासात एका पोराचे वडील ऑफिसात. आडतीवर त्यांचं दुकान. "काय सांगायलाव सर? लेकरानं जाकीट घेतलंय, सगळ्या गावाला सांगितलंय. अन् तुम्ही इथं लातुरात बसून तिकडचा बर्फ बघायलाव?"

टोमणा बरोबर होता. त्याला माझ्याकडे उत्तरही नव्हतं. मग आत जाऊन पोळपाट, साखर आणि कणीक आणली. पोळपाटावर साखर पसरली, वर कणीक हाताने थापून बसवली आणि एक कड उचलत गेलो. बराच वेळ काही झालं नाही. काकांनी घड्याळ पाहिलं. मी बोटाने टिचकी मारली आणि कणकेची अख्खी वडी एकदम खाली आली, थेट त्यांच्या धोतरावर.

ते धोतर झटकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गोदामात खालचं पोतं उसवलेलं दिसलं तर हमालाला त्या थप्पीजवळ जाऊ देत नाही मी." थोडं थांबून, "पण तिथं पोतं दिसतं तरी."

"त्यासाठीच तो खणतो, काका."

पैसे मात्र त्यांनी मोजून परत नेले.

त्या आठवड्यात तो उतार सुटला नाही. दुसऱ्या शहराची एक बॅच तिथून जाऊन सुखरूप परतली. काकांच्या पोराने त्यांचा रील मला पाठवला, खाली फक्त एक हसरा चेहरा. मी तो तीन-चारदा पाहिला. अकराव्या सेकंदाला पुढच्या माणसाच्या बुटापासून एक बारीक भेग निघते आणि सरळ वरच्या उताराकडे पळते. कॅमेरा तेव्हा शिखराकडे वळलेला असतो. तिथे थांबवून मी फोटो काढला, भेगेभोवती लाल गोल केला आणि काकांना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.