एकास बारा

नागपूरच्या इतवारीतल्या बांगड्यांच्या दुकानात मी पर्समधून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर काढला, तेव्हा दुकानदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"दीडच्या मापाच्या दाखवा. धातूच्या. खडे-बिडे नकोत, साध्या गोल."

"दीड म्हणजे अगदीच तान्हं बाळ," तो ट्रे काढता काढता म्हणाला. "नातू का नात जी?"

"राजदूत," मी म्हणाले.

त्याने पुढे काही विचारलं नाही. माझ्या वयाच्या बाईने काही विचित्र बोललं तर लोक समजून घेतात, हा पन्नाशीनंतरचा एक फायदा आहे. मी पाच-सहा बांगड्यांचं माप घेतलं आणि दोन घेतल्या. बांगडीचं माप अजूनही इंच-आण्यांत चालतं. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, इंचाचे सोळा आणे. नाण्यांमधून आणे 1957 साली गेले, बांगड्यांतून गेले नाहीत. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर. त्याला बाराने गुणलं की अठरा इंच होतात, आणि अठरा इंच म्हणजे फटफटीच्या चाकाची रिम.

तर हा माझा उद्योग आहे. जुन्या मोटरसायकली बाराव्या हिश्शाएवढ्या लहान करायच्या. मोठ्या गाडीवरचे बारा मिलिमीटर म्हणजे माझ्याकडचा एक. जगात हे करणारे पुष्कळ आहेत. जपानी, इटालियन कंपन्यांचे खोके मिळतात, त्यात सगळे भाग साच्यातून तयार येतात, कागदावरचे आकडे बघत चिकटवत जायचं. ट्रायम्फ, नॉर्टन, हार्ले, जुनी होंडा, काय हवं ते. सुरुवातीला मीही दोन खोके आणले. छान झाल्या त्या गाड्या. कपाटात आहेत. पण त्यांच्याकडे बघून मला कुणाची आठवण येत नाही, आणि येणार तरी कशी, काटोल रोडवर मी कधी नॉर्टन पाहिली नाही.

राजदूतचा खोका कुणी काढत नाही.

राजदूत म्हटल्यावर आजची मुलं लगेच "ती साडेतीनशेची?" म्हणतात. ती नव्हे. ती 1983 ची, यामाहाची आरडी, तिचे भक्त वेगळे आणि त्यांचे कॅलेंडरही वेगळे. मी म्हणते ती साधी राजदूत. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने साठच्या दशकात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बांधलेली, 173 सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि गिअर तीन. ती कुणाला देखणी वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. ती दूधवाल्यांची होती, ग्रामसेवकांची होती आणि माझ्या मामाची होती. मामा ढोरांचा डॉक्टर. काटोलच्या बाजूच्या गावांत फिरायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी टाकीवर बसायचे, टाकी तापलेली असायची म्हणून मामा तिच्यावर आपला ओला दुपट्टा टाकायचा, आणि दुसऱ्या गावाला पोचेपर्यंत तो वाळून कडक झालेला असायचा. हे सगळं मला स्वच्छ आठवतं.

म्हणजे तसं वाटत होतं. कागदावर काढायला बसले तेव्हा कळलं की मला दुपट्टा आठवतो, गाडी आठवत नाही. पुढचं चाक कशाने धरलं होतं? मी सरळ दोन नळ्या काढल्या, हल्लीच्या गाड्यांना असतात तशा. नवऱ्याने मागून पाहिलं आणि म्हणाला, "राजदूतला असं नव्हतं." मग कसं होतं? तेही त्याला सांगता येईना. हवेत हात वाकडे करून दाखवत राहिला.

शेवटी हिंगणा रोडच्या पुढे एक दूधवाले भाऊ सापडले, ज्यांची गाडी अजून रोज चालते. मी टेप, व्हर्निअर, वही आणि टॉर्च घेऊन दुपारी गेले. गाडी नुकतीच दूध वाटून आली होती आणि गोठ्याच्या भिंतीशी उभी होती. मी गुडघ्यावर बसून मडगार्ड मोजायला लागले तसे ते खाटेवरून उठून आले.

"ताई, गाडी विकाची नाही."

"विकत नाही घेत. मोजून राहिली."

"मंग मोजून काय करान?"

"लहान करीन. एवढीशी."

त्यांनी माझ्या दोन बोटांमधल्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. "लहान काहून? मोठीच तं बरी हाये."

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. दोन तास मी मोजत होते. एक म्हैस दावं ताणून ताणून वही हुंगायचा प्रयत्न करत होती. पुढच्या चाकाचं कोडं तिथे सुटलं. राजदूतचा पुढचा फोर्क सरळ नळ्यांचा नाहीच. खाली दोन आडवे हात आहेत, पुढच्या दिशेने आलेले, त्यांच्या टोकांत चाक, आणि मागे शॉकअप. नवरा हवेत वाकडे हात करत होता ते अगदी बरोबर होतं, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं. अशा फोर्कच्या गाड्या पुढचा ब्रेक दाबल्यावर नाक खाली घालत नाहीत, उलट किंचित वर उचलतात. ते वाचलं आणि मामाची गाडी गावाच्या पारापाशी थांबताना मान वर करायची ते लख्ख आठवलं. मी तेव्हा समजत होते की मामा मुद्दाम करतो.

हे काम म्हणजे निम्मं भंगारात हात घालणं आहे. हँडलची नळी खऱ्या गाडीत 22 मिलिमीटर जाड असते, बाराने भागली की पावणेदोनच्या थोडी वर. सायकलच्या चाकाचा स्पोक दोन मिलिमीटरचा असतो. म्हणजे माझ्या राजदूतचं हँडल म्हणजे सायकलचा वाकवलेला स्पोक, आणि माझ्या राजदूतचे स्पोक म्हणजे गिटारची पहिली तार, पाव मिलिमीटरची. सीताबर्डीच्या वाद्यांच्या दुकानात आता मला ओळखतात. त्यांचा समज आहे की मी फार जोरात वाजवते. टायर मोटरपंपाच्या दुकानातली जाड ओ-रिंग. सायलेन्सर बॉलपेनचा. क्लचची केबल तुटलेल्या इअरफोनमधली. सिलिंडरच्या पट्ट्या, म्हणजे त्या हवा खाणाऱ्या फिन्स, मी लग्नपत्रिकेतून कापल्या. पत्रिकेचा जाड कागद फेविक्विक पाजला की हाडासारखा होतो. दोन पट्ट्यांच्या मधलं अंतर ठेवायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, बारा पट केलं की नऊ, आणि दूधवाल्यांच्या गाडीवर मी तेवढंच मोजलं होतं. नणंदेच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आमच्या इंजिनात आहे हे नणंदेला सांगितलेलं नाही.

सगळ्यांत जास्त दिवस चाकाने खाल्ले. लाकडी पाटीवर वर्तुळ काढून बांगडी खिळ्यांनी जखडली, तिला छत्तीस भोकं पाडली. भोक पाडायचं हातड्रिल दोन बोटांत फिरवायचं असतं आणि ड्रिलची पाती केसापेक्षा थोडी जाड. सोळाव्या भोकाला पाती तुटली. नवीन आणली, ती बाविसाव्याला तुटली. मग तार घालायची. खऱ्या चाकात स्पोक केंद्राकडे सरळ जात नाही, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, तिरका, जवळजवळ स्पर्श करत जातो, आणि प्रत्येक स्पोक शेजारच्याला छेद देतो. सरळ ओवले तर बैलगाडीचं चाक होतं. पहिलं चाक मी सरळच ओवलं होतं. पंधरा दिवसांचं काम. सुंदर दिसत होतं आणि साफ चूक होतं. एका रात्री कटर घेतला आणि छत्तीसच्या छत्तीस तारा कापल्या. कापताना प्रत्येक तार वेगळ्या सुरात तुटली. गिटारची होती ना.

रंगाबद्दल मात्र बाहेरचे लोक लिहितात ते आपल्या उपयोगाचं नाही, कारण त्यांना नागपूरचा मे महिना ठाऊक नाही. बाहेर 45 डिग्री. कूलर बंद ठेवून स्प्रे मारला तर रंगाचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि टाकीवर रव्यासारखे येऊन बसतात. हात फिरवला की खरखरीत. कूलर लावला तर दुसरी गंमत. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, कूलरची ओल त्यावर बसते, आणि काळ्या रंगावर दुधी साय येते. बाकीचं जग ही तक्रार पावसाळ्यात करतं, आम्ही नागपूरकर ती कोरड्या ठणठणीत मे महिन्यात विकत घेतो. मी शेवटी पहाटे साडेपाचला रंगवायला लागले. कूलर बंद, पंखा बंद, संत्र्याच्या खोक्याला एका बाजूने भोक पाडून त्यात टाकी टांगलेली, आणि तोंडाला रुमाल. दूध घालायला येणारा मुलगा एकदा दारातून बघून परत गेला.

काळा रंगही थेट काळा मारायचा नसतो. आपण मॉडेल हातभरावरून बघतो, म्हणजे खरी गाडी बारा हातांवरून बघितल्यासारखं, आणि तेवढ्या अंतरावर काळा कधी पूर्ण काळा दिसत नाही. त्यात थोडा राखाडी घालायचा. डोळा लगेच फसतो. पण रंगाची जाडी फसत नाही. माझा रंग दशांश मिलिमीटरचा, म्हणजे मोठ्या गाडीवर जवळजवळ सव्वा मिलिमीटरचा थर, पत्र्यापेक्षाही जाड. ब्रशचा एखादा केस टाकीवर चिकटून राहिला तर ती सुतळी होते. वजनाचं तर विचारूच नका. लांबी-रुंदी-उंची तिन्ही बाराने भागायच्या, म्हणजे वजन 1728 ने. सव्वाशे किलोची गाडी धरली तर माझी बहात्तर ग्रॅमची व्हायला हवी. ती तेवीस ग्रॅमची झाली. पंखा लावला की पडते.

आमच्या शोकेसमध्ये एक लाकडी बैल आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं आहे हे. हा बैल माझ्या भावाचा, मामानेच चितारओळीतून आणलेला. मी राजदूत त्याच्या शेजारी ठेवली आणि मला थोडं वाईट वाटलं. त्या बैलाचं कुणी माप घेतलं नसेल. वशिंड फार मोठं, पाय खुंटासारखे, डोळे कपाळाच्या बाजूला सरकलेले. आणि तो बैल आहे, कुठूनही बघा. माझी राजदूत पाव मिलिमीटरपर्यंत बरोबर होती आणि दुकानातल्या वस्तूसारखी दिसत होती. कुठे चुकलं ते सापडेना.

मग दुधाचे कॅन केले. जुन्या फिल्म रोलच्या डब्या घरात पडल्या होत्या. चाळीस लिटरच्या कॅनच्या मापाला त्या इतक्या जवळ आहेत की मला संशय आला. गळ्यापाशी एम-सील लावून निमुळत्या केल्या, चंदेरी रंगवल्या, पोचे काढले आणि दोन्ही बाजूंना आकड्यांवर अडकवल्या. बऱ्या दिसल्या. मामाच्या गाडीला कॅन नव्हते, औषधांची पेटी होती, पण गाडी आता अर्धी दूधवाल्या भाऊंचीच झाली होती. त्यांना दाखवायला गेले, संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात कापसात ठेवून.

भाऊंनी हात पुसले. गाडी तळहातावर घेतली, वळवली, खालून पाहिली. हँडलपाशी हसले. बायकोला हाक मारली, तिने पदरात हात गुंडाळूनच पाहिलं. मग पुन्हा वळवून कॅनपाशी थांबले.

"समदं बरोबर हाये ताई. पण कॅन रिकामे हायेत."

"झाकणं लावली आहेत की."

"झाकणाचं नाही म्हणत. हे पाहा." त्यांनी करंगळीचं नख मागच्या शॉकअपवर ठेवलं. "भरल्या कॅननं गाडी अशी उभी राहते का? बसते ते. तुमची अजून दूध काढाच्या आधीची हाये."

मी दुपारी मोजायला आले होते. दूध वाटून झाल्यावर.

त्यांनी बोअरच्या पाण्याने दोन कॅन भरले आणि माझ्यासमोर गाडीला अडकवले. मागचं सगळं अंग खाली गेलं, हेडलाइट थोडा वर झाला, आणि भिंतीशी टेकलेली ती गाडी एकदम कामावर निघाल्यासारखी दिसली. मी टेप लावली. पावणेदोन इंच. बाराने भागले की पावणेचार मिलिमीटरच्या जरा आत. पाणी नंतर म्हशीला पाजलं.

काल रात्री शॉकअप कापायला घेतले. एक नीट निघाला. दुसऱ्याला मी पूर्वी जास्तच फेविक्विक लावलं असणार, तो निघताना मागच्या मडगार्डाचा रंगही सोबत घेऊन आला, खालची पांढरी पुट्टी दिसेपर्यंत. मडगार्ड परत रंगवावं लागेल. आणि बाहेर आठ दिवसांपासून झड लागली आहे, रंगावर साय येणार हे ठरलेलं. पोळ्याच्या आत चार तास ऊन पडलं तरी पुरे.