लेबर रूममधली दहा मिनिटे: बालरोग प्रशिक्षणातील सिम्युलेशनविषयी

जन्मलेल्या बाळांपैकी साधारण ८५ टक्के बाळे कोणाच्याही मदतीशिवाय श्वास घेऊ लागतात. आणखी १० टक्के बाळांना कोरडे करून पाठ चोळली की ती रडतात. मास्क लावून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, श्वास देण्याची गरज सुमारे ५ टक्के बाळांना लागते आणि छातीदाब देण्याची वेळ हजारात एखाद्याच बाळावर येते. हे प्रमाण सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या, महिन्याला वीस बाळंतपणे होणाऱ्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लावून पाहावे. वर्षाला २४० जन्म होतील, त्यांतल्या बाराएक बाळांना बॅगने श्वास द्यावा लागेल, आणि ही बारा बाळे तीन पाळ्यांमधल्या तीन सिस्टरांमध्ये वाटली तर एकीच्या वाट्याला वर्षभरात चार येतील. छातीदाब देण्याची वेळ तिथे चार वर्षांतून एकदा येईल. अवघड बाळंतपणे बहुधा पुढे पाठवली जातात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहूनही लहान असणार. ज्या कौशल्यावर बाळाचा जीव अवलंबून असतो, ते नेमके हाताखालून क्वचितच जाते. आणि जेव्हा जाते, तेव्हा शिकायला सवड नसते, कारण पहिला परिणामकारक श्वास जन्मापासून एका मिनिटाच्या आत द्यायचा असतो.

मी खानदेशात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि डॉक्टर व परिचारिकांना नवजात पुनरुज्जीवन, म्हणजे न रडलेल्या बाळाचा श्वास सुरू करून देणे, शिकवण्याचे काम आवडीने करतो. या अनुभवावरून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते येथे सविस्तर मांडावेसे वाटते: सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवर आणि रचलेल्या प्रसंगावर केलेला सराव, जिथे बाळ प्रत्यक्ष येते त्याच खोलीत, तिथल्याच माणसांसोबत, थोडा थोडा पण वारंवार झाला, तरच तो बाळापर्यंत पोहोचतो.

या सरावाची साधने फार जुनी नाहीत. नॉर्वेमधील स्टाव्हांगर येथील खेळणी बनवणारे ऑस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी पहिली मोठी बाहुली बाजारात आणली. नवजात बाळांसाठी आता ‘निओनॅटली’ नावाची साधी बाहुली वापरली जाते. तिच्यात सुमारे दोन लिटर कोमट पाणी भरले की ती हातात घेताना खऱ्या बाळासारखी जड, सैल आणि मान टाकलेली लागते. नळीच्या टोकाला असलेले लहान फुगे दाबून प्रशिक्षक तिला रडवू शकतो, तिचा श्वास चालवू शकतो आणि नाळेचे ठोके देऊ शकतो. शिकणाऱ्याने मान किंचित मागे करून मास्क हनुवटीपासून नाकापर्यंत नीट बसवला तरच तिची छाती उचलली जाते. मास्क एका बाजूने सुटला असेल तर हवा फुस्सकन बाहेर जाते आणि छाती जागची हलत नाही. आपला हात चुकतो आहे हे बाहुली तिथल्या तिथे सांगते, प्रशिक्षकाला बोलावे लागत नाही. लाखो रुपयांच्या, संगणकावर चालणाऱ्या, निळ्या पडणाऱ्या बाहुल्याही मिळतात आणि त्यांचा उपयोग आहेच. परंतु तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्यावाचून काही अडत नाही. हाडातून सलाईन देण्याचा सराव कोंबडीच्या तंगडीच्या हाडावर उत्तम होतो, आणि नाळेतून कॅन्युला, म्हणजे औषध देण्याची बारीक नळी, घालण्यासाठी नुकत्याच झालेल्या बाळंतपणातील नाळेच्या तुकड्याइतके चांगले साधन कोणत्याही कंपनीला बनवता आलेले नाही.

‘वारंवार’ या शब्दावर मी इतका भर देतो, त्याला टांझानियातील हेडम या ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव कारण आहे. तेथे २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा कार्यक्रम एका दिवसाच्या प्रशिक्षणाने सुरू झाला. काही महिन्यांनी तपासले तेव्हा बाहुलीवरचे कौशल्य सुधारलेले दिसले, पण लेबर रूममध्ये खऱ्या बाळांसाठी जे केले जात होते त्यात फरक पडलेला नव्हता. पुढे त्याच रुग्णालयात लेबर रूममध्येच थोड्या थोड्या वेळाचे सराव नियमितपणे सुरू झाले आणि पहिल्या चोवीस तासांतील नवजात मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ पर्यंत उतरले. बाहुली तीच होती, माणसे बहुतांशी तीच होती, अभ्यासक्रमही तोच होता. आपल्याकडे २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, भारतीय बालरोग अकादमीचे नवजात पुनरुज्जीवनाचे वर्ग आहेत, आणि त्यांतून फार मोठ्या संख्येने लोक शिकले आहेत. तरीही दोन दिवसांचा वर्ग, प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र यांवर आपण थांबतो, आणि बाहुली तिच्या पेटीसह कपाटात जाते. शिकलेला हात काही महिन्यांतच सैल पडू लागतो, हे पुनरुज्जीवनाच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे.

एका ग्रामीण रुग्णालयात घेतलेला असा एक सराव मला नेहमी आठवतो. पूर्वसूचना फक्त वैद्यकीय अधिकाऱ्यांना होती. दुपारच्या पाळीत बाहुली कापडात गुंडाळून वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर, ठेवली आणि सिस्टरांना सांगितले, की हे बाळ रडलेले नाही. सिस्टरांनी बाळ कोरडे केले, मान सरळ केली, मास्क उचलला. तो मोठ्या मुलाचा होता, बाहुलीच्या डोळ्यांवर येत होता. नवजात बाळाचा मास्क खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून ठेवलेला सापडला. घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागला नाही. मी ‘ठोके साठच्या खाली’ असे सांगितल्यावर अ‍ॅड्रिनॅलिन हे हृदयाला चालना देणारे औषध मागवले गेले; ते औषधांच्या कुलूपबंद कपाटात होते आणि किल्ली फार्मासिस्टच्या खिशात, फार्मासिस्ट जेवायला. अ‍ॅम्प्युल आली तेव्हा सहा मिनिटे उलटून गेली होती. त्यानंतर एक मिलीची ती अ‍ॅम्प्युल दहा मिलीपर्यंत पातळ करायची, त्यातून बाळाच्या वजनानुसार मात्रा काढायची, हे गणित दोघींनी दोन प्रकारे केले. त्या खोलीत कामचुकार कोणीही नव्हते. परीक्षेत विचारले असते तर सगळ्यांनी सगळे बरोबर सांगितले असते. खण, पिशवी, बॅटरी आणि किल्ली या गोष्टी शहरातल्या सभागृहात घेतलेल्या कोणत्याही वर्गात दिसल्या नसत्या, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही दुरुस्त झाल्या.

सरावानंतरची चर्चा, जिला डीब्रीफिंग म्हणतात, ती मला सरावापेक्षाही महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडे तीच घाईघाईने उरकली जाते. दहा मिनिटांच्या प्रसंगानंतर किमान वीस मिनिटे बसले पाहिजे. ‘असे का केले?’ हा प्रश्न आपल्याकडे उत्तरासाठी विचारला जात नाही, तो दरडावणीसाठी विचारला जातो. म्हणून मी तो विचारत नाही. ‘त्या वेळी तुम्हाला काय दिसत होते?’ असे विचारले की माणसे बोलू लागतात. एकदा एका सिस्टरांनी अशा चर्चेत सांगितले, ‘छाती उचलत नव्हती हे मला दिसत होते, पण सर बॅग देत होते, मग मी कशी बोलणार?’ आपल्या रुग्णालयांतल्या उतरंडीचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे ऐकलेले नाही. ‘सर, छाती उचलत नाहीये’ हे वाक्य मोठ्याने म्हणण्याचाही सराव करावा लागतो, आणि ते ऐकून घेण्याचा सराव सरांना करावा लागतो. तसेच, ‘एक मिली अ‍ॅड्रिनॅलिन द्या’ असे हवेत न सांगता नाव घेऊन सांगावे, आणि ज्यांना सांगितले त्यांनी ‘एक मिली अ‍ॅड्रिनॅलिन दिले’ असे उलट सांगावे, ही सवय पुस्तकातून लागत नाही. या चर्चेत जे बोलले जाते ते बाहेर जाणार नाही, हजेरीपुस्तकाशी किंवा गोपनीय अहवालाशी त्याचा संबंध नाही, हे प्रमुखांनी आधीच सर्वांसमक्ष सांगितले नाही तर कोणीही मनातले सांगत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एलिझाबेथ हंट आणि त्यांच्या जॉन्स हॉपकिन्समधील सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत मला विशेष आवडते. प्रसंग शेवटपर्यंत जाऊ द्यायचा नाही. चूक झाली की लगेच थांबवायचे, दोन वाक्यांत दुरुस्त करायचे, दहा सेकंद मागे जायचे आणि तेच पुन्हा करून घ्यायचे. मोठ्या मुलासाठी दोन जण असताना १५ दाबांमागे २ श्वास, नवजातासाठी ३ दाबांमागे १ श्वास, हा फरक पाठ सगळ्यांचा असतो. हातात तो अशाच पुनरावृत्तीने उतरतो.

प्रसंग मात्र आपल्या मातीतले हवेत. परदेशी पुस्तिकेतला शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा मुलगा आमच्या अपघात विभागात क्वचितच येतो. आमच्याकडे येतात ती मे महिन्याच्या उन्हात जुलाबांनी सुकलेली बाळे, कपाशीच्या फवारणीचे औषध पोटात गेलेली मुले, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरून सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या वेदनांनी तळमळत आणलेली मुले आणि विंचू चावलेली मुले. विंचवाचा प्रसंग मी असा रचतो: चार वर्षांचा मुलगा, अंगाला घाम, हातपाय गार, नाडी १७०, अंदाजे वजन १६ किलो. गार हातपाय पाहून शिकणारे सवयीने भराभर सलाईन सोडतात. मग मी सांगतो की श्वास वाढला आहे आणि छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो आहे. विंचवाच्या विषाने ताण पडलेल्या हृदयाला ते पाणी झेपत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेले प्राझोसिन हे औषध येथे आठवावे लागते, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे या मुलासाठी साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि तेही साध्या गोळीतून. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी येथे चालत नाही. हा प्रसंग बाहुलीवर एकदा बिघडलेला पाहणारा डॉक्टर खऱ्या मुलाला सलाईन लावण्यापूर्वी छाती ऐकतो, हे मी पाहिले आहे.

आणखी एक भाग बहुतेक वर्गांत सुटतो, तो म्हणजे आईशी बोलणे. आमच्या सरावात एक सिस्टर आई होतात आणि मध्येच अहिराणीत विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, मना पोऱ्याले काय व्हयनं?’ हात कामात असताना या प्रश्नाला थोडक्यात, खरे आणि समजेल असे उत्तर देणे भल्याभल्यांना जमत नाही. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या कुटुंबासाठी आशाताईंना सरावात सामील करून घ्यावे, कारण प्रत्यक्षातही आधार त्यांचाच असतो.

धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे. जळगावचे २०१८ मध्ये आणि नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरली आहे. म्हणजे खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय महाविद्यालय आहे. महिन्यातून एक दिवस तेथील शिक्षक आणि बाहुल्या तालुक्याला गेल्या, तर ज्यांच्या हातात बाळ सर्वप्रथम येते त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि सिस्टरांना जिल्ह्याला यावे लागणार नाही. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही; गाडी, इंधन आणि प्रमुखांची मान्यता लागते.

पुढच्या सरावासाठी मी रुग्णवाहिका निवडली आहे. धडगावहून नंदुरबारकडे येताना चांदसैली घाटात बाळाला धरून बॅग देत राहणे ही वॉर्मरजवळ उभे राहून बॅग देण्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे. वळणावर मास्क सुटतो, इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो, आणि मिनिटाला पाच लिटर प्राणवायू दोन तास लागणार असेल तर सहाशे लिटर सोबत हवा, हा हिशेब निघण्यापूर्वी करावा लागतो. चालकालाही या सरावात घेणार आहोत, कारण गाडी केव्हा बाजूला थांबवायची हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते आणि त्यांनी ते ताबडतोब ऐकावे लागते.